विश्वास, मंडळी, सेवा : मराठी ख्रिस्ती प्रवचनाची परिभाषा आणि पूर्व विदर्भातील श्रोता

मराठी साहित्याच्या इतिहासात ख्रिस्ती वाङ्मयाची नोंद ठराविक मुक्कामांवर थांबत जाते. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' (१६१६), बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७), रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हे ते मुक्काम होत. पुराण, कादंबरी, काव्य आणि आत्मचरित्र यांना या नोंदीत स्थान मिळाले. परंतु ज्या वाङ्मयप्रकाराच्या आधारे ख्रिस्ती समाजाचे भाषिक जीवन आठवड्यामागून आठवडे चालत आले, तो प्रवचनाचा प्रकार मात्र नोंदीबाहेर राहिला. तो बोलला जातो, लिहून ठेवला जात नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, प्रवचन म्हणजे धर्मप्रचार आणि धर्मप्रचार म्हणजे साहित्यबाह्य व्यवहार, असे आपण गृहीत धरले. हाच निकष कीर्तनाला लावला असता तर मराठी वाङ्मयाचा मोठा भाग आपल्याला वगळावा लागला असता.

प्रस्तुत लेखात मराठी ख्रिस्ती प्रवचनाचा विचार त्यातील तीन मध्यवर्ती शब्दांच्या आधारे करावयाचा आहे. 'विश्वास', 'मंडळी' आणि 'सेवा' हे ते शब्द. यांपैकी एकही शब्द ख्रिस्ती प्रवचनकाराने घडविलेला नाही. तिन्ही शब्द मराठीत आधीपासून नांदत होते आणि त्यांना स्वतःचा संसार होता. बायबलच्या भाषांतरकारांनी ते उचलले आणि नव्या आशयासाठी राबविले. शब्दाचा जुना संसार आणि त्यावर आलेली नवी जबाबदारी यांच्यातील ताण हेच या प्रवचनाचे वाङ्मयीन मर्म आहे, असे येथे सुचवावयाचे आहे. हा ताण पूर्व विदर्भात, विशेषतः गोंदिया जिल्ह्याच्या परिसरात, अधिक स्पष्ट दिसतो. कारण येथील श्रोता एकाच वेळी अनेक भाषांच्या आणि अनेक श्रवणपरंपरांच्या सीमेवर बसलेला असतो.

१. लोहमार्गावरील एक प्रवचन

या विषयाचा गोंदियाशी असलेला संबंध केवळ भौगोलिक नाही. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काही काळ वाङ्मयीन काम केल्यानंतर टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले. १८९३ मधील या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला आणि त्याने त्यांना 'नवा करार' वाचावयास दिला. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग आजच्या गोंदिया जिल्ह्यातून जातो. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला वळण देणारी ही भेट म्हणजे याच वाटेवरची घटना होय.

या घटनेचा प्रवचनाशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. टिळकांना 'नव्या करारा'त ज्या भागाने धरून ठेवले तो मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाचा भाग होता. म्हणजे त्यांना पहिल्याने पकडले ते सिद्धान्ताने किंवा चमत्काराच्या कथेने नव्हे, तर एका प्रवचनाने. आणि तेही ऐकलेल्या नव्हे, वाचलेल्या. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. हे प्रतिपादन आपण भावनेचा उद्गार म्हणून वाचतो. ते वाङ्मयप्रकाराविषयीचे विधान म्हणूनही वाचता येते. ज्याचा कान अभंगावर आणि कीर्तनावर तयार झाला आहे, त्याला उपदेश कसा ऐकावा हे वेगळे शिकवावे लागत नाही.

२. प्रवचनाची घडण : दोन परंपरांचा मेळ

मराठी ख्रिस्ती उपदेशाला देशी रूप देण्याचा प्रयत्न टिळकांपूर्वीच सुरू झाला होता. 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभीच नवख्रिस्ती श्रोत्याची मागणी आलेली आहे. जुनी पुराणे हातून गेली, तेव्हा त्यांच्या जागी आम्हांला आमच्या भाषेत पुराण द्या, अशी ती मागणी. स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांनी तिला उत्तर दिले आणि या ओव्या चर्चमधून वाचल्या जात राहिल्या. श्रोत्याने रूप मागितले आणि उपदेशकाने ते स्वीकारले, ही बाब महत्त्वाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग झाले. पदकर्ते कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव या संदर्भात घ्यावे लागते. टिळकांनी या प्रयोगांना काव्याचे आणि संतपरंपरेच्या जाणकारीचे बळ दिले.

नारदीय कीर्तनात नमन, मूळपद, पूर्वरंगातील निरूपण, मध्यंतरीचा नामगजर, उत्तररंगातील आख्यान आणि शेवटी आरती असा क्रम असतो. पाश्चात्त्य प्रॉटेस्टंट परंपरेतून आलेल्या प्रवचनात शास्त्रपाठ, त्याचे अर्थविवरण, सामान्यतः दोन-तीन मुद्द्यांत केलेली विभागणी, दृष्टान्त, आवाहन आणि प्रार्थना असा क्रम दिसतो. मूळपदाच्या जागी शास्त्रपाठ आणि आरतीच्या जागी प्रार्थना बसविली की दोन्ही आकृतिबंध बरेच जुळतात. जुळत नाही ती एक गोष्ट. कीर्तनात सिद्धान्त आधी आणि आख्यान नंतर येते. श्रोता आख्यानासाठी थांबलेला असतो आणि मनात घेऊन जातो तेही आख्यानच. मिशनमधून आलेल्या प्रवचनात दृष्टान्त मुद्द्याच्या सेवेला असतो आणि शेवटचा शब्द आवाहनाचा असतो. मराठी प्रवचनकार कोणत्या क्रमाकडे झुकतो यावरून त्याच्या श्रोत्याविषयीची त्याची कल्पना ओळखता येते. उधळ्या पुत्राचा दाखला तीन मुद्द्यांत वाटून सांगणारा आणि तोच दाखला उत्तररंगासारखा शेवटपर्यंत रंगवून, बापाच्या धावत येण्यावर थांबणारा, हे दोघे एकच वचन सांगत असले तरी त्यांचे वाङ्मयप्रकार भिन्न आहेत.

३. 'विश्वास' : ठेवणे आणि बसणे

मराठी बायबलमध्ये ख्रिस्ती धर्मातील सर्वांत मोलाच्या संकल्पनेसाठी 'विश्वास' हा शब्द रूढ झाला. 'श्रद्धा' आणि 'भाव' हे दोन समर्थ पर्याय उपलब्ध होते. 'श्रद्धे'भोवती शास्त्रवचनाचे आणि श्राद्धविधीचे वलय होते. 'भाव' हा संतांचा लाडका शब्द. परंतु तो भक्ताच्या अंतःकरणाची अवस्था सांगतो. 'विश्वास' हा मात्र बाजारात, शेतात आणि घरात वावरणारा शब्द. विश्वासू गडी, विश्वासाचा सावकार, विश्वासघात ही त्याची कुळी. तो दोन व्यक्तींमधील व्यवहार सांगतो. ख्रिस्ती उपदेशाला नेमके हेच हवे होते.

या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे पाहिली की प्रवचनकारापुढील अडचण ध्यानात येते. मराठीत विश्वास 'ठेवला' जातो आणि विश्वास 'बसतो'. ठेवणे ही कर्त्याच्या इच्छेची क्रिया आहे. बसणे ही अनुभवाने आपोआप घडणारी. उपदेशकाचे आवाहन नेहमी 'ठेवा' असे आज्ञार्थी असते. श्रोत्याचा अनुभव मात्र 'बसला' किंवा 'बसला नाही' या भाषेत बोलतो. केवळ 'ठेवा, ठेवा' म्हणणारे प्रवचन कानावरून जाते. विश्वास बसावा असे काय घडले, ते सांगणारे प्रवचन आत उतरते.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण येथे मार्मिक ठरते. पती ख्रिस्ती झाल्यानंतर त्यांना स्वतःला बाप्तिस्मा घेण्यास पाच वर्षे लागली. तो १९०० मध्ये झाला. घरात टिळकांसारखा उपदेशक असताना त्यांचे मन पालटले ते उपदेशाच्या आज्ञार्थाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडविला; सोवळेओवळे प्रथम मनातून गेले आणि मग ताटातून गेले. 'स्मृतिचित्रां'त हा भाग कोणत्याही प्रवचनी सुराविना आला आहे, आणि म्हणूनच 'विश्वास बसणे' या मराठी क्रियेचे ते उत्तम निरूपण झाले आहे.

४. 'मंडळी' : संबोधन आणि संस्था

'नव्या करारा'तील ख्रिस्ती समुदायासाठी मराठीने 'मंडळी' हा शब्द निवडला. याहून घरगुती शब्द सापडणे कठीण. घरची मंडळी, भजनी मंडळी, नाटक मंडळी. आणि कीर्तनकाराने श्रोत्यांना घातलेली 'मंडळी' ही साद. बायबलच्या मराठीत त्याचे 'मंडळ्या' असे अनेकवचन होऊन तो संस्थावाचक झाला. तरीही प्रवचनकार व्यासपीठावरून 'मंडळी' म्हणतो तेव्हा संस्थेचे नाव आणि जवळिकीची हाक एकाच उच्चारात येतात. 'वडील' आणि 'पाळक' या शब्दांचेही तसेच. मंडळीच्या कारभाऱ्याला 'वडील' म्हटले की कुटुंबातील मान त्याच्याकडे येतो, आणि कुटुंबातील धाकही.

गोंदियासारख्या जंक्शनच्या गावी या शब्दाला शेजारचा प्रतिस्पर्धी भेटतो. नागपूर, रायपूर, बालाघाट आणि चंद्रपूर या चारही दिशांचे लोहमार्ग येथे मिळतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या सीमा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला भिडतात. मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि झाडीबोली येथे कानावर पडतात. हिंदी बायबलमध्ये 'मंडळी'च्या जागी 'कलीसिया', 'ख्रिस्ता'च्या जागी 'मसीह', 'सेवाकार्या'च्या जागी 'सेवकाई' आहे. 'कलीसिया' म्हटल्याने संस्थेचा बोध होतो. परंतु त्या शब्दाने कोणाला हाक मारता येत नाही. मराठी प्रवचनात हे शब्द शिरले तर त्यांना भाषेची भेसळ म्हणून झिडकारण्याचे कारण नाही. सीमेवरची भाषा अशीच असते. मात्र त्या उसनवारीत संबोधन हरवते, इतके ध्यानात ठेवावयास हवे.

'मंडळी' या शब्दाची खरी कसोटी जातीच्या प्रश्नावर लागते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात समुदायाला शरीराची उपमा दिली आहे. भारतीय श्रोत्याला ही उपमा अनोळखी नाही. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या अवयवांपासून चार वर्ण कल्पिलेले आहेत. दोन्ही रूपके वरवर सारखी दिसतात. त्यांची दिशा मात्र वेगळी आहे. पुरुषसूक्ताच्या परंपरागत अर्थानुसार अवयवाचे स्थान हे श्रेणीचे प्रमाण ठरते. पौलाच्या मांडणीत दुबळा वाटणारा अवयव अधिक आवश्यक ठरतो आणि ज्याला मान कमी, त्याला अधिक मान द्यावयाचा असतो. 'आपण सारे एका शरीराचे अवयव' एवढेच सांगून थांबणारे मराठी प्रवचन नकळत जुन्या रूपकाला बळ देऊ शकते. श्रोता आपल्याला पाय समजून घरी जातो. दोन रूपकांतील फरक उलगडणारे प्रवचन मात्र 'मंडळी' या शब्दाला त्याचा नवा आशय मिळवून देते. ज्या विभागातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढविली आणि ज्याच्या शेजारी नागपुरात १९५६ चे धर्मांतर घडले, तेथील श्रोता हा फरक चटकन ओळखतो. शेजारच्या विहारातील धम्मदेसनाही त्याने ऐकलेली असते.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने ती पूर्णपणे आकाराला आली नाही. परंतु 'मंडळी' हा शब्द संस्थेच्या नोंदवहीत अडकून पडला, अशी खंत या नव्या नावामागे असावी असे वाटते.

५. 'सेवा' : करणे आणि घडणे

देवाच्या भजनासाठी जमणे आणि माणसाच्या उपयोगी पडणे, या दोन्हींसाठी इंग्रजीला एकच शब्द पुरतो. मराठी ख्रिस्ती परिभाषेत पहिल्यासाठी 'उपासना' आणि दुसऱ्यासाठी 'सेवा' असे वाटप झाले. त्यामुळे उपासनेतून सेवेकडे जाणारी वाट मराठी प्रवचनकाराला प्रत्येक वेळी बांधावी लागते. दुसरीकडे, भक्तिपरंपरेत 'सेवा' प्रथम देवाची असते आणि व्यवहारात ती चाकरी असते. शिष्यांचे पाय धुणारा गुरू ही योहानाच्या शुभवर्तमानातील प्रतिमा या दोन्ही अर्थांना धक्का देते. मराठी मनात पाय धुतले जातात ते गुरूचे, वडीलधाऱ्यांचे, जावयाचे. गुरूच शिष्याचे पाय धुऊ लागला की सेवेची दिशा उलटते. हा धक्का जाणवू देणे हे निरूपणाचे काम आहे.

या शब्दामागे या प्रदेशातील इतिहासही उभा आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा चालविताना त्यांनी गोंडांच्या भाषेचा व परंपरांचा अभ्यास केला आणि त्यांचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात येऊन तेथील निराधार मुली व विधवा केडगावला नेल्या. त्याच रमाबाईंनी पुढे मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वेदान्ताचे अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. दुष्काळातून आलेल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईला वाचता यावे, हा त्यांच्या शैलीचा निकष होता. सेवेने भाषेला घडविल्याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठीत विरळा.

या इतिहासाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गोंदिया जेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होते आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती, त्या काळात, १९५४ मध्ये, शासनाने भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. १९५६ च्या अहवालात शाळा व दवाखाने हे धर्मांतराचे साधन होत असल्याचा आक्षेप घेण्यात आला. ख्रिस्ती समाजाने या निष्कर्षांचा प्रतिवाद केला. त्या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नव्हे. भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, त्यानंतर या प्रदेशात 'सेवा' हा शब्द निष्पाप राहिला नाही. बाहेरच्याला त्यात हेतूचा वास येऊ लागला आणि आतल्याला तो उच्चारताना स्वतःचे समर्थन करावेसे वाटू लागले.

या कोंडीतून वाट दाखविते ती मराठीचीच एक लकब. मराठीत सेवा 'केली' जाते, तशी ती 'हातून घडते'. 'आम्ही सेवा केली' यात कर्ता आणि त्याचा हिशेब दोन्ही येतात. 'आमच्या हातून सेवा घडली' या वाक्यात कर्ता मागे सरतो. गाडगेबाबांच्या कीर्तनातील झाडू आणि तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'तील श्रमदान यांच्याशी परिचित असलेल्या वैदर्भीय श्रोत्याला ही भाषा लगेच कळते. तेथे उपदेश आणि काम यांत अंतर नव्हते. गाव आधी झाडले जाई, कीर्तन नंतर होई. ख्रिस्ती प्रवचनकाराला आपल्या श्रोत्याच्या या पूर्वसंस्काराकडे पाठ फिरविता येत नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांच्या बाबतीत 'सुबोध बायबल', 'सुवार्ता' मासिक आणि हरित वसईची चळवळ ही एकाच कामाची तीन अंगे होती. २०२० मध्ये धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा चर्चमधील मराठीला मुख्य प्रवाहाची दाद मिळाली. पूर्व विदर्भाकडेही असा धागा आहे. १९३३ मध्ये नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा लक्ष्मीबाई टिळक होत्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंस्थांचे उत्तर भारतीय चर्चमध्ये झालेले ऐक्यही नागपुरातच जाहीर झाले.

६. अभ्यासाची दिशा

वरील विवेचन मुख्यतः मुद्रित सामग्रीवर आणि परिभाषेच्या विश्लेषणावर उभे आहे. प्रवचन हा मौखिक प्रकार असल्याने त्याचा खरा अभ्यास क्षेत्रकार्यानेच होईल. गोंदिया, आमगाव, सालेकसा, देवरी या पट्ट्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना असे काम हाती घेता येईल. प्रवचनकाराची आणि मंडळीची संमती घेऊन प्रवचने ध्वनिमुद्रित करावीत आणि जशी बोलली गेली तशी उतरवून घ्यावीत. 'ण'च्या जागी आलेला 'न' सुधारू नये. पुढे काही प्रश्न विचारता येतील. शास्त्रपाठाची ग्रांथिक मराठी आणि निरूपणाची बोली यांच्यातील सांधा कोठे बदलतो? दाखल्यातील शेत धानाचे होते की पॅलेस्टाइनमधील गव्हाचेच राहते? हिंदी शब्द उपदेशात येतात की प्रार्थनेत? गाणे कोठे येते? स्त्रिया बोलतात तेव्हा आज्ञार्थ कमी होतो काय? झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी चिकाटीने उभा केला; त्या अभ्यासाला प्रवचनाच्या सामग्रीची जोड मिळाली तर दोन्हींचा लाभ होईल.

या अभ्यासाला विलंब लागू नये. मुलांचे शिक्षण इंग्रजीत, बाजार हिंदीत आणि भक्तिगीते दूरवरून ध्वनिमुद्रित होऊन येणारी, अशा स्थितीत स्थानिक मराठी प्रवचनाचा अवकाश आकसत जाणे स्वाभाविक आहे. एखादा शब्द कोशात राहतो, पण त्याने हाक मारणारा कोणी उरत नाही. 'मंडळी' या शब्दाचे तसे झाले तर हानी केवळ एका धर्मसमाजाची होणार नाही. तीनचारशे वर्षे मराठीने आपले घरगुती शब्द एका परक्या आशयाला वापरावयास दिले आणि त्या व्यवहारात ते शब्दही मोठे झाले. 'विश्वासा'ला व्यवहारापलीकडची खोली मिळाली, 'मंडळी'ला जातीपलीकडची व्याप्ती मिळाली आणि 'सेवे'ची दिशा वरून खाली वळली. हे सारे जेथे घडले ते प्रवचन मराठीच्या अभ्यासकाने ऐकावयास हवे. ते ऐकण्यासाठी श्रोता त्या धर्माचा असण्याची आवश्यकता नाही. त्याचा कान मराठी असला म्हणजे पुरे.